तुळशीबागेतली भातुकली, थेरपीच्या टेबलावर चौदा महिने

मागच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मी पुण्याच्या तुळशीबागेतून स्टीलच्या भातुकलीचा एक संच आणला. चोवीस नग, साडेसहाशे रुपये. त्याच फेरीत लाकडी पोळपाट-लाटणं आणि छोटं जातं घेतलं, पितळेचे पाच-सहा नग सुटे घेतले. सगळं मिळून सतराशेच्या आत भागलं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. कर्वेनगरला माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे आणि मंगळवार-शुक्रवार दुपारी पक्षाघात झालेल्या पेशंटच्या घरी जाते. सोळा वर्षांत थेरपीसाठी म्हणून जे काही विकत घेतलं, त्यात या भांड्यांइतकी रोज हाताला लागणारी वस्तू दुसरी नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरी मूल उशिरा बोलतंय त्यांच्यासाठी, आणि नुकतीच इंटर्नशिप संपवून बाहेर पडलेल्या माझ्या क्षेत्रातल्या मुलामुलींसाठी.

आधी काय वापरत होते ते सांगते. एका कंपनीचा चित्रकार्डांचा महागडा संच माझ्याकडे आहे. छपाई सुरेख, कोपरे गोल, कार्ड सहजी फाटत नाही. पण त्यातलं स्वयंपाकघर म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि 'पाय' नावाचा विलायती पदार्थ. कपड्यांत लोकरीचे हातमोजे, घरात फायरप्लेस. वारज्याहून येणाऱ्या मुलाला मी 'फायरप्लेस' शिकवली, तर तो शब्द संध्याकाळी घरी जाऊन तो वापरणार कुठे? शब्द पक्का व्हायचा तर तो दिवसातून दहा वेळा कानावर पडावा लागतो आणि दोन वेळा तरी कामाला यावा लागतो. तवा, वाटी, पेला, डबा, ताट ही नावं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक घरात सकाळपासून चालू असतात.

कार्डांची दुसरी अडचण याहून मोठी आहे. कार्डावर फक्त नाव असतं. 'हे काय?' 'डबा.' 'हे काय?' 'वाटी.' मूल पन्नास कार्डं ओळखतं, आईबाबा खूश होतात, आणि तहान लागली की तेच मूल आईचा हात ओढत तिला फ्रिजपाशी नेतं. मराठीत नुसतं नाव येऊन भागत नाही. डबा, पण डब्यात. पेला, पण पेल्यात. चूल, चुलीवर. ताट, ताटात. प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं अंगच बदलतं. व्याकरणात त्याला सामान्यरूप म्हणतात. भाषा उशिरा येणारी माझ्याकडची बरीच मुलं नेमकी तिथे अडकतात. 'डबात', 'पेलात' म्हणत राहतात. डब्याचं चित्र दाखवून 'डब्यात' शिकवता येत नाही. डबा पुढ्यात लागतो, त्यात काहीतरी टाकावं लागतं, ते बाहेर काढावं लागतं, परत टाकावं लागतं, आणि दर वेळी ते रूप मुलाच्या कानावर पडावं लागतं. त्यातच लिंग येतं. तो तवा, ती कढई, ते ताट. मोठा तवा, मोठी कढई, मोठं ताट. या संचात तिन्ही लिंगांची भांडी आहेत आणि वाट्या, पेले, पातेली लहान-मोठ्या आकारात आहेत. 'मोठी वाटी दे', 'छोटा पेला ठेव' एवढ्या दोन वाक्यांवर मी एका मुलीबरोबर तीन आठवडे काढले आहेत, आणि तिला एकदाही कंटाळा आला नाही, कारण तिच्या दृष्टीने आम्ही पाहुण्यांची पानं वाढत होतो.

क्रियापदांसाठी तर दुसरं काही शोधायची गरजच उरली नाही. लाटणं, भाजणं, परतणं, ढवळणं, गाळणं, चाळणं, ओतणं, वाढणं, किसणं, कुटणं, दळणं. प्रत्येकाची हाताची हालचाल वेगळी आणि प्रत्येकाला भांडंही वेगळं. नुसती नामं शिकलेलं मूल वाक्यापर्यंत पोचत नाही. 'पोळी लाट', 'चहा गाळ', 'दूध ओत' ही दोन शब्दांची वाक्यं पाठ करून येत नाहीत, ती लाटता लाटता आणि ओतता ओतता तोंडात बसतात.

आता त्या एका डब्याबद्दल. संचात उभा, कडीचा, माझ्या अंगठ्याएवढा डबा आहे. त्याचं झाकण फार घट्ट बसायचं. इतकं, की आणल्यावर मी तो बदलून घ्यायचा विचार करत होते. पहिल्याच आठवड्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. इंग्रजी रंग, आकार, एबीसीडी सगळं फोनवरून पाठ. पण 'दे', 'हवं', 'नको' यातलं एकही नाही. काही हवं असेल तर हात ओढायचा किंवा रडायचा. मी डब्यात दोन चुरमुरे टाकले, त्याच्या देखत झाकण दाबून बसवलं, डबा हलवून वाजवला आणि त्याच्या हातात दिला. त्याने ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं, टेबलावर आपटला. मग डबा माझ्याकडे ढकलला. मी हातात घेतला आणि थांबले. मनात दहापर्यंत आकडे मोजले. हे थांबणं माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. मागे बसलेल्या आईला तर ते अजिबात सोसत नाही. सात-आठपर्यंत आले असेन, तेव्हा त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, परत डब्याकडे. या नजरेच्या फेरीची आम्ही वाट बघत असतो. मी हळूच 'उघड' म्हटलं आणि लगेच उघडून दिला. चौथ्या वेळी त्याच्या तोंडून 'उग' आलं. त्या दिवशी सतरा वेळा डबा उघडला, शेवटच्या तीन वेळा 'उगड' असं अख्खं. मागायची पाळी यावी अशी परिस्थिती मुद्दाम तयार करायची, ही आमच्याकडची जुनी, सगळीकडे शिकवली जाणारी युक्ती आहे. त्यासाठी इतका नेमका डबा कोणी बनवून दिला नसता. बदलायचा विचार तिथेच सोडला.

उच्चारांच्या कामालाही हा संच उपयोगी पडतो, हे मी घेताना लक्षात घेतलं नव्हतं. घरी येऊन सगळं चटईवर मांडलं आणि नावं लिहून काढली, तेव्हा ध्यानात आलं. पोळपाट, पळी, विळी, कळशी, चाळणी, गाळणं, आणि सुट्या घेतलेल्यांपैकी रोळी, उखळ, मुसळ. नऊ वस्तूंत ळ आहे. मराठीत कुठल्याच शब्दाची सुरुवात ळ ने होत नाही, तो मधे नाहीतर शेवटी येतो, त्यामुळे सरावासाठी चांगले शब्द जमवताना दमछाक होते. सात वर्षांची एक मुलगी 'पोलपाट', 'पली', 'डाल' म्हणायची आणि वर्गात तिची नक्कल व्हायला लागली होती. आरशासमोर बसून आधी ट म्हणायचा, जीभ वर कुठे टेकते ते ध्यानात ठेवायचं, आणि तिथेच टेकवून ल म्हणायचा. एकटा ळ तीन सेशनमध्ये आला. खरं काम त्यानंतरचं होतं, कारण एकटा ळ म्हणणं वेगळं आणि बोलण्याच्या ओघात येणं वेगळं. मग आम्ही पुरणपोळीचा बेत केला. डाळ, गूळ, पोळी, पोळपाट, पळी, गाळणं. एका बेतात ळ किती वेळा येतो ते तिच्या आजीने बोटांवर मोजलं, आणि तेच खेळणं त्या दोघींनी घरी पुढे चालू ठेवलं. रोळी मात्र शेवटी ठेवा. र आणि ळ दोन्ही एकाच शब्दात आले की भलीभली मुलं घसरतात.

च आणि ज चंही तसंच. चूल आणि चाळणी यांतला च वेगळा, चिमट्यातला वेगळा. जात्यातला ज वेगळा, जेवणातला वेगळा. लिहिताना एकच अक्षर, म्हणताना दोन. इंग्रजी माध्यमातली मुलं हल्ली चुलीतला च चिमट्यासारखा म्हणतात. पण ती वाचेची अडचण नाही, कानावर पडण्याची आहे, आणि मी त्याला थेरपी देत नाही. पालकांना एवढंच सांगते की घरात बोला. चार वर्षं उलटल्यावरही मूल 'कढई'ला 'तढई' आणि 'कप'ला 'तप' म्हणत असेल, तर मात्र दाखवून घ्या. तिथे जीभ मागे न जाता पुढे टेकते आहे, आणि ते शिकवून सुधारतं.

घरातल्या शब्दांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. हा संच घेतलात तर भांड्यांची नावं माझ्या या लिखाणातून घेऊ नका, तुमच्या घरात जी आहेत तीच ठेवा. हिंजवडीला राहणारं मूळचं यवतमाळचं एक कुटुंब माझ्याकडे येत होतं. मी मुलाला 'उलथणं' शिकवत होते, आई मागून संकोचत म्हणाली, "ताई, आम्ही सराटा म्हणतो." तर मग सराटाच. कोकणातल्या घरात कालथा. पुण्यात पाण्याचं भांडं म्हणतात, यवतमाळकडे गडवा. मुलाला शब्द शिकवायचा तो त्याच्या आजीला कळावा, त्याने मागितल्यावर घरात कोणी उठून आणून द्यावं, म्हणून. त्याच आईला एका शाळेने सांगितलं होतं की मूल बोलत नाही ना, मग घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. तिने चार महिने ते पाळलं. तिला स्वतःला इंग्रजीत फार बोलता येत नसल्यामुळे घरात मुलाशी बोलणंच कमी झालं. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण ते चार महिने त्या मुलाला परत मिळणार नाहीत. दोन भाषा ऐकल्याने मूल मुकं राहत नाही, आणि घरची भाषा तोडल्याने कुठलीच भाषा लवकर येत नाही. जी भाषा तुमच्या तोंडात भरपूर आहे, ती मुलाच्या कानात भरपूर जाऊ द्या.

आता उणिवा.

पारंपरिक संचात जातं, चूल, फुंकणी, पाटा-वरवंटा, बंब असतं. दिसायला फार गोड. आई-आज्या दुकानात तेच आधी उचलतात. पण तीन वर्षांच्या मुलाने घरात चूल पाहिलेली नाही. त्याला आधी गॅस, कुकर, मिक्सर हवा. थेरपीसाठी घेत असाल तर पहिले पैसे ताट, वाटी, पेला, डबा, कुकर, तवा, कढई, पोळपाट-लाटणं यांवर घाला. मी प्लॅस्टिकचा छोटा मिक्सर आणि शेगडी वेगळी घेतली. प्लॅस्टिकचं घेताना आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ती आपल्याकडे सक्तीची आहे.

फुंकणीवरून आठवलं. "मॅडम, फुंकायचे व्यायाम द्या, म्हणजे बोलेल," असं मला आठवड्यातून एकदा तरी कोणी सांगतं. मेणबत्त्या, शिट्ट्या, फुगे, पिसं. फुंकून बोलणं येतं याला आधार नाही. बोलण्यासाठी ओठ-जीभ ज्या रीतीने हलतात ती रीत बोलूनच शिकावी लागते. फुंकणी मी 'आता तू, आता मी' या पाळीच्या खेळासाठी ठेवली आहे, तेवढीच.

पहिल्या दोन महिन्यांत स्टीलच्या आवाजाचा त्रास मला जाणवलाच नव्हता. मग एक स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलगी आली. पेला ताटावर पडला आणि तिने दोन्ही कान दाबून धरले, पुढची वीस मिनिटं ती खुर्चीखालून बाहेर आली नाही. चूक माझी होती, तिच्या आईने फॉर्ममध्ये आवाजाचं लिहिलं होतं. तेव्हापासून अशा मुलांसाठी लाकडी भांडी. रंगीत लाखेची, सावंतवाडीकडच्या धाटणीची मिळतात. ती धुवायला मात्र अवघड, पाण्यात बुडवता येत नाहीत, ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवावी लागतात. उलट कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलेल्या एका मुलाबरोबर स्टील आणि लाकूड यांच्या आवाजाचा फरकच माझ्या कामी आला. पडद्यामागे वाजवायचं, त्याने ऐकून ओळखायचं. मोठी मजा आली त्याला, आणि मशीनचं सेटिंग झाल्यावर पहिल्यांदाच मुलगा स्वतःहून कान टवकारतोय हे आईला दिसलं.

कडा तपासून घ्या. माझ्या संचातल्या विळीचं पातं खरोखर धारदार होतं आणि परातीची एक कड कच्ची होती. दोन्ही मी कानशीने घासून घेतली. वस्तू छोट्या आहेत हे विसरू नका. सव्वा इंच व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही, हा खेळण्यांच्या सुरक्षेचा साधा नियम आहे. या संचातले चमचे, पळी, वाट्या सगळे त्यात बसतात. त्या वयाच्या मुलांसाठी मी भातुकली वापरतच नाही, घरातली खरी वाटी आणि खरा पेला वापरते. पितळेत शिसं असू शकतं, त्यामुळे वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला पितळ देत नाही. शिवाय पितळ पंधरा दिवसांत काळवंडतं, दर दुसऱ्या रविवारी चिंचेने किंवा पितांबरीने घासणं आलं. स्टील साबणाने धुऊन पुसलं की पुढच्या मुलासाठी तयार.

एका बाबांनी संच बघून तोंड वाकडं केलं होतं. "मुलाला भांडीकुंडी कशाला? गाड्या घ्या ना." मी वाद घातला नाही. त्यांनाच खाली बसवलं आणि मुलाला म्हटलं, बाबांना चहा दे. मुलाने रिकामा कप पुढे केला. बाबांनी तो घेऊन 'अरे, गरम आहे!' म्हणत हात झटकला. मूल खळखळून हसलं आणि म्हणालं, "बाबा, फू." आता घरी रोज रात्री नऊ वाजता हा चहा होतो, असं त्यांनीच सांगितलं.

मोठ्यांसाठी हा संच घेऊ नका, असं मी स्पष्ट म्हणेन, आणि तरी एक प्रसंग सांगते. वाचाघात झालेल्या सत्तरीच्या एका आजींकडे मी जात होते. समजत सगळं होतं, शब्द निघत नव्हता. एक ते वीस आकडे घडघड म्हणायच्या, पण पाणी मागता यायचं नाही. असं होतं, पाठ असलेलं वेगळ्या वाटेने बाहेर येतं. अशा माणसापुढे खेळणी मांडणं मला पटत नाही. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला आपण लहान मूल ठरवतो आहोत, असं त्यांना वाटू शकतं, आणि ते वाटणं रास्त असतं. त्या दिवशी मी तुळशीबागेतून थेट त्यांच्याकडे गेले होते, पिशवी हातात होती. त्यांनी डाव्या हाताने खूण केली, दाखव. मी विचारलं, "आजी, ही लहान मुलांची आहेत, चालेल ना?" त्यांनी पिशवीच ओढली. एकेक पितळी भांडं काढून पलंगावर लावायला लागल्या. चूल डावीकडे. चुलीशेजारी पाणी. पोळपाट समोर. मी ठेवलेली कळशी उचलून त्यांनी दुसरीकडे ठेवली. माझी जागा चुकली होती. मग मी एक वस्तू उचलून म्हणाले, "ही पक्कड छान आहे ना?" माझ्या माहेरी सोलापूरला तसंच म्हणतात. आजींनी मान हलवली. नाही. ओठ जुळवले, सोडले. "सां..." मी थांबले. "सां... डशी." मी म्हटलं, "पक्कड नाही म्हणत तुम्ही?" त्यांनी हवेत बोटांनी काहीतरी पिरगाळून दाखवलं आणि म्हणाल्या, "तार." म्हणजे पक्कड ती तारेची. अडीच महिन्यांत मी न विचारलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितली होती, आणि तीही माझी चूक दुरुस्त करायला.

पुढच्या वेळेपासून आम्ही त्यांच्याच स्वयंपाकघरातली खरी भांडी घेतली. उजवा हात अधू असला की इवल्या वस्तू डाव्या हाताने धरायला त्रास होतो, आणि रोज हाताळलेल्या झाऱ्याचं वजन हातात आलं की शब्द लवकर येतो असा माझा अनुभव आहे. सूनबाईंनी माळ्यावरून जुना पाटा-वरवंटा काढून दिला. लहान मुलांच्या बाबतीत मी ज्याला बाजूला ठेवा म्हटलं, ते जातं, ती फुंकणी, तो बंब आजींच्या डोक्यात जिवंत आहे. त्यामुळे कोणासाठी घेताय, त्यावर काय घ्यायचं ते ठरवा.

ज्यांचं मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही, त्यांच्यासाठी एक सांगणं. भातुकलीआधी मुलाचा कान तपासून घ्या. आवाजाला वळून बघतो म्हणजे ऐकू येतं, असं नाही. बेरा नावाच्या कानाच्या तपासणीत मूल झोपलेलं असतानाही ऐकू येतं की नाही ते कळतं. आणि ज्यांच्याकडे थेरपीला जाल त्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. 1992 च्या कायद्याने आमच्या कामाला ती नोंदणी लागते, आणि विचारलं म्हणून आमच्यापैकी कोणालाही राग येता कामा नये.

खरेदीचं. मी दुकानाचं नाव देत नाही, कारण एकाच दुकानात सगळं मिळत नाही आणि माल बदलत असतो. नारो अप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत बांधलेल्या राममंदिराच्या आवारात आणि त्याच्या भोवतीच्या बोळांत फिरा. पितळेचं देवळाच्या आवारातल्या पूजेच्या सामानाच्या दुकानांत चांगलं मिळालं, स्टीलचं बाहेरच्या बोळात. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जा, दुकानदारांना बोलायला वेळ असतो. रविवार, आणि गणपती-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. गाडी नेऊ नका. सप्टेंबर 2024 मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून मी वनाजवरून बसते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलते आणि मंडईला उतरते. तिथून पाच मिनिटं चालत. एका दुकानात मला संच उघडून बघू दिला नाही, तिथून मी घेतलं नाही. झाकणं बसतात का, पोळपाट डुगडुगतो का, कुकर पेल्यापेक्षा लहान तर नाही ना, हे हाताळूनच कळतं. किमतीत फार घासाघीस झाली नाही. पितळेवर थोडे कमी केले.

चौदा महिन्यांत चोवीसपैकी एकवीस नग शाबूत आहेत. दोन चमचे हरवले. आणि त्या घट्ट डब्याचं झाकण गेल्या महिन्यात एका मुलाच्या खिशातून घरी गेलं ते परत आलंच नाही. मी डबा घेऊन त्याच दुकानात गेले. काकांनी गल्ल्याखालून प्लॅस्टिकची बरणी काढली, सुट्या झाकणांनी भरलेली, आणि काउंटरवर ओतली. आम्ही दोघांनी वीस-पंचवीस झाकणं लावून पाहिली. एक बसलं, पण सैल. मुलं ते न मागता उघडतात. काका म्हणाले, नवा माल श्रावण संपायच्या आत येईल, तेव्हा तसलाच घट्ट बघून ठेवतो. शनिवारी परत जाते आहे.